बाईंच्या आजोबांचं गाव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते माझ्या प्राथमिक शाळेतल्या बाईंचे. फलटण तालुक्यातल्या आमच्या गावी शाळेला दोन खोल्या होत्या आणि बरीच वर्षं चारही इयत्तांना मिळून त्या एकट्याच होत्या. आमच्या घरात तोवर कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नव्हतं. वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला जात. मीही पुढं तिथंच चिकटणार, हे न बोलता ठरलेलं होतं. बाईंनी मला चौथीच्या स्कॉलरशिपला बसवलं, साताऱ्याच्या वसतिगृहाचा अर्ज स्वतः भरला आणि वडील नको म्हणाले तेव्हा आमच्या घरी येऊन ओट्यावर बसल्या. त्या काय बोलल्या ते मला आजही माहीत नाही, कारण मला गोठ्यात पाठवलं होतं. परत आलो तेव्हा वडील म्हणाले, "जा. पर नापास झालास तर त्याच गाडीनं माघारी."

मी बी.ए. झालो. आता साताऱ्यात एका वकिलांच्या कचेरीत जमिनींचे शोध घेण्याचं काम करतो. कुणी जमीन घेणार असला की ती आधी कुणाची होती आणि कुणाकडून कशी आली, हे जुने कागद काढून पाहायचं आणि अहवाल लिहायचा. त्यासाठी मोडी शिकलो. कामात थरार काही नाही. बरेचसे दिवस तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात धुळीत जातात आणि संध्याकाळी नाक चोंदतं.

बाई ख्रिस्ती. गावात त्यांच्या पाठीमागं 'किरिस्तावाच्या बाई' म्हणत, तोंडावर नुसतं 'बाई'. निवृत्त झाल्यावर त्या सांगलीला भाचीकडे राहायला गेल्या. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मी फोन करत नाही. महत्त्वाचं असलं तर पत्र लिहितो, आणि वर्षातून दोनदा तरी जाऊन येतो. गेल्या उन्हाळ्यात गेलो होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "तू लोकांच्या जमिनींचे आजे-पणजे शोधतोस. माझे शोधशील?"

"जमीन आहे तुमची, बाई?"

"जमीन कसली रे! मी माणसांचं म्हणतेय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे आजोबा लहान असताना मोठा दुष्काळ पडला होता. सरकारनं खडी फोडायची कामं काढली होती. तिथं आईबरोबर हा सहा-सात वर्षांचा मुलगा होता. मिशनची गाडी अनाथ मुलांना न्यायला आली, त्या गाडीत आईनं त्याला बसवून दिलं. पाऊस पडला की न्यायला येते म्हणाली. पाऊस पडला, पुढचाही पडला, मुलगा मिशनमध्ये वाढला, सुतारकाम शिकला, तिथंच लग्न केलं. आई आली नाही.

"आजोबा तिचा विषय निघू द्यायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "एकदाच बोलले. म्हणाले, तिनं मला टाकलं. माझ्या वडिलांनीही तेच धरलं आणि आम्हीही तेच धरून चाललो. आता मला एवढंच कळायला हवं. ती कधी आली होती का? आली नसेल तर नसेल. पण ठाऊक नसताना मी तिला आयुष्यभर दोष दिला, तो एक तर नीट देऊ दे नाही तर मागं घेऊ दे."

बाईंचं बोलणं नेहमीच असं हिशेबात बसणारं. मी शोधतो म्हणालो.

मिशनचं अनाथघर केव्हाच बंद झालेलं. चर्च मात्र चालू आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. तिथले पाळक पन्नाशीचे, बोलके. त्यांनी कपाटातून बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या काढल्या आणि माझ्यापुढं फडकं ठेवलं.

"पुसत पुसत वाचा," ते म्हणाले. "यात तिघांचे हात आहेत. साहेबाचा, मास्तरचा आणि वाळवीचा. वाळवीनं सगळ्यात जास्त काम केलंय."

नोंद सापडायला वेळ लागला नाही, कारण मिशनमध्ये ठेवलेलं नाव बाईंना माहीत होतं. आधीचं नाव, नवं नाव, अंदाजे वय. बापाचं नाव, पुढं मयत. आई हयात. गाव आटपाडीच्या बाजूचं. शेरा, खडीच्या कामावरून आणला. बस्स.

"मुलांना भेटायला कुणी आलं तर त्याची नोंद असायची का?" मी विचारलं.

पाळक हसले. "अहो, मुलं आली ती लिहिली, कारण त्यांना जेवायला घालायचं होतं. जी माणसं बघून गेली त्यांना कोण लिहितंय?"

माझ्या कामाच्या सवयीनं मी पुढचं पाऊल टाकलं. आटपाडी तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या गावचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढल्या. हक्कनोंदणीची पत्रकं सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही नोंदींतच ते घर सापडलं. दोन भाऊ. थोरला दुष्काळात मयत. त्याचा वारस मुलगा, पण त्याच्या नावावर आडवी रेघ आणि पुढं मोडीवळणाच्या अक्षरात, 'परागंदा सबब नाव कमी केले.' जमीन धाकट्या भावाच्या नावे. थोरल्याच्या विधवेला पोटगीसाठी बांधाकडचा एक तुकडा. तिचं स्वतःचं नाव त्यात नव्हतं, 'अमक्याची विधवा' एवढंच होतं. पण ती घरातच राहिली होती हे त्यावरून कळलं. दुसरं लग्न करून गेली असती तर पोटगी मिळाली नसती.

तो कागद हातात आल्यावर मी जे केलं ते आमच्या धंद्यातला कुणीही करील, आणि तेच चुकलं. गावात पोचल्यावर सरळ त्या घरी जायच्या ऐवजी मी आधी तिथल्याच ऑनलाइन केंद्रातून त्या गटाचा चालू सातबारा काढला. नावं जुळतात का पाहावं, एवढाच हेतू. आटपाडीकडं आता कॅनॉलचं पाणी आलंय. जिथं कुसळं उगवायची तिथं डाळिंब आणि ऊस उभा आहे आणि जमिनीचे भाव लोक आवाज खाली आणून सांगतात. अशा गावात अनोळखी माणसानं दुसऱ्याचा उतारा काढला तर तो कशाला आला हे कुणाला विचारावं लागत नाही. केंद्रातून वस्तीवर चालत जाईपर्यंत वाटेत एकानं मोटारसायकल हळू करून विचारलं, "पाव्हणं, इकत घेताय का वाटणी मागताय?"

घराचे कर्ते फौजी होते, म्हणजे लष्करातून सुभेदार होऊन आलेले. सगळे त्यांना फौजीच म्हणत. अंगणात खुर्च्या मांडून शेजारचे दोघं-तिघं आधीच येऊन बसले होते.

"आईये, बैठिये," फौजी म्हणाले. "उतारा दावा बघू. आमचाच हाय न्हवं?"

मी दाखवला. फेरफारही दाखवला, लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंचं आणि त्यांच्या आजोबांचं सगळं सांगितलं.

"मंग किती गुंठं पायजेत तुमच्या बाईला?"

"काही नको. एक गोष्ट विचारायची आहे फक्त."

"पैल्यांदा समदीच इचारायला येत्यात," एक शेजारी म्हणाला. "आमच्या भावकीत एक आला हुता, नुस्ता कुलदैवत इचारायला. तीन वर्सं कोर्टात हाय."

"फौजी, आधी च्या पाजा," दुसरा म्हणाला. "मंग हद्दीभाईर काढा."

सगळे हसले, मीही हसलो. इतक्या वर्षांनी असा दावा उभा राहणं कठीण, हे मला ठाऊक होतं. पण ते माझ्या तोंडून पटण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, बाई हक्कसोड पत्र लिहून देतील. फौजी म्हणाले, वकिलाला विचारून कळवतो. पडवीत एक म्हातारी सुपात हुलगे निवडत बसली होती. फौजींची आई. तिचा हात मधेच थांबला होता.

आठवड्यानं फौजींचा फोन आला. "हक्कसोड नगं म्हणत्यात वकील. हक्कसोड घेतलं म्हंजे तिचा हक्क हाय हे आमीच कबूल केलं. त्यापरीस बाईंनी स्टॅम्पवर लिवून द्यायचं, की आमचा ह्या घराण्याशी कसलाच संबंध न्हाई. ना रक्ताचा, ना नात्याचा. तेवढं आलं की आमची आई काय ठाव हाय ते सांगंल. तिला ठाव हाय कायतरी. सीधी बात."

वकिलाचा सल्ला चुकीचा नव्हता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच दिला असता.

मी सांगलीला जाऊन बाईंना मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. 'परागंदा' शब्दावर त्या हसल्या. "सहा वर्षांचं पोर परागंदा होतं होय?" मग स्टॅम्पपेपरचं सांगितलं. भाचीनं चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

"देते लिहून," त्या म्हणाल्या. "संबंध नाही तर नाही. इतकी वर्षं नव्हताच. पण त्या सांगतील ना नक्की?"

"फौजींनी शब्द दिलाय."

"मग मसुदा घेऊन ये."

त्यांच्या आवाजात काही बदललं नव्हतं. तरी मला ते बरं वाटलं नाही. गाव शोधायला सांगणारं माणूस, गाव सापडल्यावर 'ते माझं नाही' असं सही करून देणार होतं, आणि मधे कागद फिरवणारा मी होतो.

श्रावणात मी मसुदा आणायला गेलो. फौजींनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तयार ठेवला होता. जागोजागी पेन्सिलीनं फुल्या, बाईंनी कुठं कुठं सही करायची त्याच्या. मी पिशवी घेऊन उठलो तोच पडवीतून आजींनी हाक मारली.

"आवं, साताऱ्याचं! हिकडं या. बसा हितं."

"आये, तू बोलू नगंस," फौजी म्हणाले. "कागुद हून येऊ दे आधी."

"तू गप रं. तुझ्या वकिलाला फोन लाव आन् इचार, म्हातारीनं सोताच्या पडवीत बोलावं का न्हाई."

"आगं, तसं न्हवं..."

"मंग कसं? पलटणीत सायबाम्होरं उभा ऱ्हायाचास तसा उभा ऱ्हा जरा."

फौजी उभेच राहिले. आजींनी मला जवळ बसवून घेतलं आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.

"तो मेला का?"

मला आधी कुणाबद्दल ते कळलंच नाही. मग म्हणालो, "आजी, बाईंचे आजोबा आज असते तर सव्वाशेच्या वर असते. कधीच गेले."

"ते मलाबी कळतंय. मी काय खुळी हाय? पर कुनी येऊन सांगितलं न्हाई."

"मी सांगतो ना आता."

"तू कोन त्याचा?" आजी म्हणाल्या. "घरचं मानूस सांगंल तवा धरायचं."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी एस.टी.नं साताऱ्याला आलो. दुसऱ्या दिवशी कचेरीतून सुट्टी घेतली आणि बाईंना पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे, ती इथं देतो.

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार. फौजींच्या घरी जाऊन आलो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी लिहितो, बाकीचं नंतर.

त्या आल्या होत्या.

हे फौजींच्या आईंनी सांगितलं. त्यांना ते त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं होतं. सासूबाई सून म्हणून त्या घरात आल्या तेव्हा तुमच्या पणजी हयात होत्या, आणि दोघी बरीच वर्षं एका चुलीवर होत्या. म्हणजे ही ऐकीव गोष्ट आहे, पण एका माणसाच्या अंतरानं ऐकलेली. कागदावर याला आधार नाही. आजींचे शब्द आठवतात तसे लिहितो.

मी विचारलं, "त्या मुलाला आणायला गेल्या होत्या का?"

आजी म्हणाल्या, "गेली हुती. चालत. पाऊस झाल्यावर दुसऱ्या साली. बघून आली."

"बघून म्हणजे?"

"म्हंजे बघून. कुडापाशी उभी ऱ्हायली. पोरं वळीनं जेवाय बसली हुती, त्यात ह्योबी हुता. अंगात सदरा हुता म्हणं. तशीच माघारी फिरली."

"हाक नाही मारली?"

"न्हाई."

"का?"

"ते सासूनं सांगितलं न्हाई. मीबी इचारलं न्हाई. इचारायचं काय त्यात? हितं घरात काय हुतं त्याला घालायला?"

एवढंच. बाई, 'का' याचं उत्तर आजींनी त्यांच्या परीनं दिलं, पण ते त्यांचं आहे, पणजींचं नाही. मी जास्त ओढून विचारलं नाही.

आता दुसरी गोष्ट. धाकट्या दिरानं मुलाचं नाव जमिनीवरून कमी केलं तेव्हा पणजींनी विरोध केला नाही, पण भाद्रपदात पितरांचा म्हाळ आला तेव्हा त्या आडव्या आल्या. दीर म्हणाले, परागंदा झालेल्याचं पानही पितरांत वाढू. पणजी म्हणाल्या, तो जिवंत आहे, मी डोळ्यांनी बघितलाय, त्याचं पान कावळ्याला ठेवायचं नाही. तेव्हापासून त्या घरात म्हाळाला एक पान वेगळं वाढतात, आणि ते कावळ्याला न ठेवता वस्तीवरच्या कुणा एका पोराला हाक मारून जेवू घालतात. पणजी गेल्या, मग सासूबाईंनी वाढलं, आता आजी वाढतात. फौजी लहानपणी दोनदा ते पान जेवलेले आहेत. ते कुणाचं होतं हे त्यांना त्या दिवशी माझ्यासमोरच कळलं. ते खुर्चीवर बसले.

पणजींनी सांगून ठेवलं होतं की त्याच्या घरून तो गेल्याचा सांगावा येईल तेव्हाच ते पान पितरांकडे न्यायचं. आजींचं म्हणणं, आपलंही आता काही खरं नाही, पुढच्या सुना हे करतील का सांगता येत नाही. त्यांच्या हातून ते मार्गी लागावं अशी त्यांची इच्छा आहे. मी सांगून त्यांना चालत नाही. पाळकांचा दाखला चालेल का विचारलं, तर तेही नको म्हणाल्या. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळं पत्रही नको. आजोबांच्या घरच्या माणसानं येऊन तोंडानं सांगायला हवं. त्यांच्या दृष्टीनं असं माणूस आता तुम्ही एकच.

तुम्ही हे विधी मानत नाही हे मला ठाऊक आहे. मी ते आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिनं न्हाई मानायचं. तिनं नुसतं सांगायचं. मानायचं ते आमी मानतोय."

आता अडचण लिहितो. फौजींनी मसुदा परत मागितला नाही. निघताना एवढंच म्हणाले, "वकिलानं केलाय, तर असू द्या तुमच्यापाशी." त्यांना तो अजून हवा आहे असं मी धरून चाललो आहे, आणि त्यात त्यांचा दोषही वाटत नाही. तो यासोबत पाठवत आहे. त्यावर सही केली तर तुमचा त्या घराशी संबंध नाही असं होईल, आणि मग सांगावा घेऊन तुम्हाला तिथं जाता येणार नाही. गेलात तर त्या सहीला अर्थ राहणार नाही. दोन्ही गोष्टी करता येणार नाहीत. सही न केल्यामुळं तुमच्यावर कसलंही कायदेशीर बंधन येत नाही, हे मी आमच्या वकीलसाहेबांना विचारून लिहीत आहे. जे विचारायचं होतं ते आजींनी कागदाची वाट न बघता सांगून टाकलं आहे, म्हणून उत्तरासाठीही आता सहीची गरज उरलेली नाही.

काय करावं हे मी सांगू नये. तुम्ही ठरवाल ते मी पोचवीन.

म्हाळ भाद्रपदाच्या दुसऱ्या पंधरवड्यात आहे. जायचं असेल तर त्याआधी जायला हवं. सांगलीहून सकाळी निघालो तर दुपारपर्यंत पोचतो. रस्ता आता चांगला झाला आहे, शेवटचा वस्तीवरचा तुकडा सोडला तर तुमच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही, आणि तेवढ्यासाठी फौजी त्यांची जीप कॅनॉलपर्यंत आणतो म्हणाले. हे त्यांनी आपणहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

येणार असाल तर दोन ओळी लिहा. मी गाडी घेऊन येतो.

आपला विद्यार्थी